घंटेला उशीर का झाला

त्या संध्याकाळी अक्काताईंनी ताट पुढे ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवण्याआधी सवयीने खिडकीकडे पाहिलं. रस्त्यावरचा दिवा लागला होता. त्यांनी तुकडा परत भाकरीवर ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठून हात धुतले. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर नेमिनाथ मगदूमांना ते सोसलं असतं, कारण बोलण्याला उत्तर देता येतं. झाकून ठेवलेल्या ताटाला काय उत्तर देणार?

अक्काताई म्हणजे नेमिनाथांच्या आई. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सूर्यास्तानंतर अन्नाचा कण तोंडात घातलेला नव्हता. उलट सूर्यास्ताच्या दोन घटका आधीच त्यांचं जेवण आटोपलेलं असे. पूर्वी हे सोपं होतं. मागच्या दारात उभं राहिलं की सूर्य दिसायचा. पुढे उचगावच्या अलीकडे असलेल्या या पुष्पदंत कॉलनीच्या पश्चिमेला एक उंच इमारत झाली आणि कॉलनीचा सूर्य भर दुपारीच मावळू लागला. सूर्यास्ताच्या बाबतीत घड्याळावर अक्काताईंचा विश्वास नव्हता. सूर्य रोज वेगळ्या वेळी मावळतो आणि घड्याळ रोज तेच आकडे दाखवतं, हा त्यांचा आक्षेप होता, आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मुलालाही तो खोडून काढता आला नव्हता. मग त्या गच्चीवर जाऊन सूर्य बघू लागल्या. पायऱ्या उंच, गुडघे दुखरे. चढताना दर पायरीवर एक श्वास आणि दर वळणावर एक णमोकार मंत्र.

म्हणून नेमिनाथांनी यंत्र बनवलं. साबणाच्या वडीएवढा एक संगणक, त्याला जोडलेली विजेची घंटा. तो रोजचा कोल्हापूरचा सूर्यास्त स्वतः मोजायचा आणि बरोबर तासभर आधी कॉलनीच्या हॉलवरची घंटा वाजवायचा. अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, सगळं त्यात भरलेलं होतं. हीच घंटा पन्हाळ्यावर लावली तर किती फरक पडेल, हेही नेमिनाथांनी उद्घाटनाच्या दिवशी कुणी न विचारता सांगितलं होतं. कॉलनीतल्या जैन घरांची ताटं घंटेवर मांडली जाऊ लागली. इतर घरांनीही घंटेला आपापली कामं लावून दिली. कुणी म्हशीची धार, कुणी पाण्याची मोटर, कुणी खेळणाऱ्या पोरांना हाक. अक्काताईंनी गच्चीची वाट सोडली, आणि नेमिनाथांच्या मते त्यांच्या नोकरीतल्या एकूण कर्तृत्वापेक्षा हे कर्तृत्व मोठं होतं.

आणि आता पर्युषण तोंडावर आलेलं असताना ही घंटा पाऊण तास उशिरा वाजू लागली होती. रोज नाही. कधी बरोबर, कधी उशिरा. उशीर झाला की नेमिनाथ हॉलमध्ये जाऊन स्वतःच्या मनगटी घड्याळावरून यंत्राची वेळ लावून देत. यंत्र ती निमूट मान्य करी, आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी पुन्हा मागे पडे.

ताट झाकलं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजवरून येताना नेमिनाथांना जिन्यात अक्काताई दिसल्या. कठड्याला धरून वर चालल्या होत्या. त्यांनी विचारलं तर म्हणाल्या, सहज, वारं खायला.

कॉलनीचे अध्यक्ष संगमेशअण्णा यांचं शहरात शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. बंद पडलेली कुठलीही वस्तू ही मुळात पंपच असते आणि पंपाला जे लागू पडतं ते तिलाही लागू पडतं, अशी त्यांची धारणा होती. ते घरी आले, चहा घेतला आणि निष्कर्ष सांगितला.

"सर, माझं निरीक्षण हाय. धो धो पाऊस आसला की तुमची घंटा टायमावर. ऊन पडलं की लेट. मशिनीला वल लागतीया."

नेमिनाथांनी शांतपणे समजावलं की विद्युतमंडल आणि पर्जन्यमान यांचा असा संबंध शास्त्राला ठाऊक नाही. अण्णा म्हणाले, शास्त्राला नसंल, पण मला हाय. मग त्यांनी चहाची बशी खाली ठेवून खरं काम सांगितलं. पुढच्या रविवारी सभा आहे. तोवर उशीर का होतो ते समजलं तर ठीक, नाहीतर पर्युषणाआधी यंत्र उतरवायचं आणि एका बंद पडलेल्या फाउंड्रीतला भोंगा बसवायचा. तो अण्णा स्वतः हाताने वाजवतील. भोंगा उचगावापर्यंत ऐकू जातो, असं ते कौतुकाने म्हणाले. आतल्या खोलीत अक्काताईंची जपमाळ थांबल्याचं नेमिनाथांना ऐकू आलं. भोंग्याने दचकणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या, आणि अण्णा दुकानातून वेळेवर परतल्याची नोंद कॉलनीच्या इतिहासात नव्हती. भोंगा बसला असता तर अक्काताई कायमच्या जिन्यात गेल्या असत्या.

उशीर का होतो हे कळायचं तर यंत्र दिवसभर काय करतं हे कळायला हवं, आणि यंत्र ते कुठेच लिहून ठेवत नव्हतं. नेमिनाथ विद्यार्थ्यांना निरीक्षणाची नोंद केल्याशिवाय प्रयोगशाळेतून बाहेर सोडत नसत; स्वतःच्या यंत्राला मात्र त्यांनी मोकळं सोडलं होतं. ही चूक त्यांनी तत्काळ सुधारली. अशा संगणकात नोंदी ठेवण्याची सोय असते, फक्त कुठल्या पातळीपर्यंत लिहायचं ते ठरवून द्यावं लागतं. सगळ्यात वरची पातळी म्हणजे आणीबाणी, त्याखाली धोका, चूक, इशारा, आणि अगदी तळाशी बारीकसारीक तपशील. समजूतदार माणूस इशाऱ्यापर्यंत थांबतो. नेमिनाथांनी आयुष्यात कुठलंही वाचन जवळच्या पूर्णांकात केलं नव्हतं. त्यांनी तळापर्यंत सगळं सुरू केलं.

यंत्राला जणू वाचा फुटली. सेकंदाला कितीतरी ओळी. मी जागा आहे. सूर्यास्त झाला का ते पाहिलं. झाला नाही. मी जागा आहे. नेमिनाथ त्या कौतुकाने वाचत बसले, तेव्हा त्यांची पत्नी संयोगिता म्हणाली, "अहो, हे तर तुमच्यासारखंच निघालं. महत्त्वाचं काय ते शेवटपर्यंत सांगत नाही."

दोन दिवसांत यंत्राचं नखाएवढं मेमरी कार्ड काठोकाठ भरलं. ते नेमकं कधी भरलं, तेही समजलं. यंत्राने घंटा सुरू केली, 'घंटा सुरू केली' असं लिहायला घेतलं, लिहायला जागा नव्हती, आणि 'घंटा बंद कर' या पुढच्या कामापर्यंत पोचण्याआधीच ते जागच्या जागी गारठलं. घंटा वाजतच राहिली. म्हशी बिथरल्या. पोरं घरी गेली, परत बाहेर आली, पुन्हा घरी गेली. शेवटी अण्णांनी शिडी लावून घंटेत स्वतःचा टॉवेल कोंबला आणि वरूनच जमलेल्या लोकांना विचारलं, भोंग्याला हात वर करा. हात किती वर झाले ते नेमिनाथांनी मोजलं नाही. मोजमाप टाळण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

त्यांनी कार्ड साफ केलं, पातळी इशाऱ्यावर आणली आणि नोंदी कार्डाऐवजी यंत्राच्या चालत्या स्मरणात ठेवायला सांगितलं. तिथे त्या कार्ड झिजवत नाहीत, जागाही जपून वापरतात. संध्याकाळी पाहतात तर घंटा पुन्हा उशिरा, आणि नोंदी थेट दुपारनंतरच्या. सकाळचं सगळं पुसलेलं. नेमिनाथांना वाटलं, मांडणीत आपलंच काही चुकलं. त्यांनी मांडणी बदलली. पुन्हा तेच. पुन्हा बदलली. दरम्यान कॉलनीने सल्ल्याचा झरा मोकळा सोडला होता. यंत्राचं तोंड पूर्वेला करा. कार्ड उन्हात ठेवा. एकाने आपल्या नेसरीच्या मेहुण्याचा नंबर दिला. तो ट्रॅक्टरचं मीटर दुरुस्त करतो, हात लावला की चालू.

उपयोगी पडले ते पुन्हा संगमेशअण्णाच. नोंदी पुसल्या जातात हे ऐकून ते म्हणाले, मग कागदावर काढा की. पुसंल कोन? आणि दुकानातला जुना बिलं छापायचा प्रिंटर घेऊन आले. कल्पना इतकी बरोबर होती की नेमिनाथांना ती आपल्याला सुचली नाही याचं वाईट वाटलं. एक ओळ घडली की एक ओळ छापली. वीज गेली तरी कागद कुठे जातो?

प्रिंटर उत्तम चालला. फक्त दुकानाचं नाव त्यातून काढता येईना. त्यामुळे यंत्राच्या प्रत्येक इशाऱ्याच्या डोक्यावर 'सिद्धगंगा पंप्स अँड स्पेअर्स' आणि पायाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं येऊ लागलं. हॉलमध्ये कागदाची पट्टी टेबलावरून खाली, खालून दारापर्यंत जाई. येणारा-जाणारा वाकून वाचे आणि मत देई.

शुक्रवारी यंत्राने खराखुरा इशारा छापला. तापमान वाढलं आहे. तसं काळजीचं नव्हतं. पावसाची झड लागू नये म्हणून नेमिनाथांनी यंत्र संयोगिताच्या घट्ट झाकणाच्या डब्यात बसवलं होतं, त्यात ते जरा उकडत होतं एवढंच. पण ती पट्टी पहिल्यांदा अण्णांनी वाचली. मोटर तापली की शेतकरी काय करतो? तिच्यावर ओलं पोतं टाकतो. अण्णांनी पोतं विहिरीच्या पाण्यात बुडवलं, पिळायची तसदी घेतली नाही आणि डब्यावर, प्रिंटरवर, टेबलावर नीट पसरलं. डब्याचं झाकण घट्ट असल्याने यंत्र वाचलं, प्रिंटरही वाळल्यावर चालू झाला. आठवड्याच्या नोंदींचा मात्र लगदा झाला. वर अण्णांनी सुनावलं, "बघा सर, आज टायमावर वाजत्या का न्हाय."

त्या दिवशी पाऊस होता. घंटा वेळेवर वाजली.

लगद्यातून एक कोरडा तुकडा मात्र हाती लागला होता. मंगळवारचा, उशीर झाला त्या दिवसाचा. त्यावर भर दुपारी एक ओळ होती: यंत्र सुरू झालं. म्हणजे त्याआधी ते बंद पडलं असणार. पण वरची ओळ आणि ही ओळ यांच्यात मिनिटाचंही अंतर नव्हतं. बंद पडलं आणि लगेच सुरू झालं? नेमिनाथांनी निष्कर्ष काढला, वीज जाते आणि हॉलचा इन्व्हर्टरही दम टाकतो.

शनिवारी सकाळी ते वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, संगणकात पाहिलं आणि सांगितलं की त्या भागात मंगळवारी लाईट गेलेली नाही. नेमिनाथ म्हणाले, नक्की? गृहस्थ म्हणाले, "पावणं, लोक लाईट गेली म्हणून भांडायला येत्यात. लाईट गेली न्हाय म्हणून भांडणारं तुमीच पयलं." तरी लेखी हवं असेल तर अर्ज द्यावा लागेल. अर्जात तक्रारीचं स्वरूप लिहावं लागेल, आणि अखंड वीजपुरवठा ही तक्रार त्यांच्या छापील यादीत नव्हती.

बाहेर पडेपर्यंत लखलखीत ऊन पडलं होतं. नेमिनाथांना अण्णांचं निरीक्षण आठवलं आणि त्याचा राग आला. पण निरीक्षण ते निरीक्षण. करणारा कोण आहे यावर त्याची किंमत ठरत नाही, असं ते स्वतःच वर्गात सांगत. ऊन असलेल्या दिवशी दुपारी आपण कधीच हॉलमध्ये नसतो, हेही त्यांच्या आत्ताच ध्यानात आलं. त्यांनी कॉलेजला अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि थेट हॉल गाठला.

हॉलचं दार लोटलेलं होतं. आत अंधुक उजेड. पंखा स्तब्ध, प्रिंटर गप्प, डब्यातला हिरवा दिवा विझलेला. दाराशेजारचं, इन्व्हर्टरचीही वीज तोडणारं मेन स्विच खाली पाडलेलं. आणि मधोमध चटयांवर कॉलनीतल्या म्हाताऱ्या बायका ओळीने डोळे मिटून बसल्या होत्या. सगळ्यात पुढे अक्काताई.

सामायिक चाललं होतं. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं, मन स्थिर ठेवायचं, सूक्ष्म जीवालाही इजा होऊ द्यायची नाही. पर्युषण जवळ आलं म्हणून बायका या पंधरवड्यात हॉलमध्ये एकत्र बसू लागल्या होत्या. पाऊस असला की चिखलातून न येता आपापल्या घरी. पावसाळ्यात हॉलमध्ये चिलटं होतात आणि पंख्याच्या पात्यांना लागून मरतात. म्हणून पंखा बंद, एवढं नेमिनाथांना दारातच उमगलं.

सामायिकातल्या माणसाशी बोलत नाहीत. नेमिनाथ मागे भिंतीला टेकून बसले. सुरुवातीला ते मनात गणित करत होते. वीज गेली की यंत्राचं घड्याळ थांबतं, कारण त्याला स्वतःचा सेल नाही. वीज आली की थांबलं होतं तिथूनच ते पुढे मोजू लागतं. म्हणून उशीर पाऊण तासाचा, आणि म्हणूनच नोंदीत अंतर नाही. चालत्या स्मरणातल्या नोंदी पुसल्या जात त्याही म्हणूनच. यंत्राच्या लेखी मध्ये काही घडलेलंच नव्हतं. त्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. गणित सुटलं तरी वेळ उरली होती. मग ते नुसतेच आईकडे पाहत बसले. घरात सतत काही निवडणारी, झाकणारी, मोजणारी अक्का त्यांनी इतकी स्वस्थ कधी पाहिली नव्हती. गुडघेसुद्धा दुखत नसावेत असं वाटत होतं.

अक्काताईंनी डोळे उघडले, हात जोडले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि उठून मेन वर केलं. प्रिंटर खडखडला. मग त्यांना भिंतीपाशी मुलगा दिसला.

"कवा आलास?"

"आत्ताच," नेमिनाथ म्हणाले. यंत्रानेही कागदावर तेच छापलं होतं: यंत्र सुरू झालं.

त्यांनी यंत्राची वेळ लावून दिली आणि आईच्या मागोमाग घरी आले. घंटा त्या दिवशी वेळेवर वाजली आणि अक्काताई जेवल्या, पण नेमिनाथ घास हातात धरून उद्याच्या सभेचा विचार करत बसले. कारण सापडलं होतं. उद्या सभेत ते सांगितलं की आपली मान ताठ आणि अक्काची खाली. आपल्या हातून दहा घरांची ताटं उशिरा पडली हे तिला समजलं, तर ती प्रायश्चित्त म्हणून किती उपास धरेल कुणी सांगावं. संयोगिताला त्यांनी सगळं सांगितलं. तिने विचारलं, मग उद्या काय सांगणार? ते म्हणाले, माझं चुकलं म्हणून सांगणार. ती म्हणाली, "इतकी वर्षं वाट पाहिली, आणि ऐकायला कॉलनी जमणार."

रविवारी हॉल भरला. अण्णांनी भोंगा आणून टेबलाखाली ठेवला होता आणि त्यावर झेंडूचा हार घातला होता. नेमिनाथ उभे राहिले. दोष यंत्राचा आहे, म्हणजे माझा आहे, वीज गेली की ते वेळ विसरतं, त्यावरची व्यवस्था मी आधीच करायला हवी होती, असं त्यांनी सांगितलं. पण वीज गेली नाही असं तर तुम्हालाच कार्यालयात सांगितलंय, अण्णांनी बरोबर बोट ठेवलं. मग मेन पाडतंय कोण?

"माहीत नाही," नेमिनाथ म्हणाले. उभ्या आयुष्यात चुकीचं वाचन न नोंदवलेल्या माणसाला हे दोन शब्द फार जड गेले, आणि ते चेहऱ्यावर दिसले.

"मी पाडती," बायकांच्या बाजूने आवाज आला. अक्काताई उठून उभ्या होत्या. "आनि तू खोटं बोलू नगंस, नेमी. काल भिंतीला बसून बघितलंस की."

अक्काताईंनी सगळं सांगितलं. चिलटं मरतात म्हणून पंखा बंद करायचा असतो. आपल्यामुळे लोकांची ताटं उशिरा पडली हे ठाऊक नव्हतं. उद्यापासून सामायिक घरातच करू, आणि सूर्य बघायला गच्ची आहेच. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अक्काताई नसल्या तर हॉलमध्ये कोण बसणार होतं?

अण्णांनी एवढंच विचारलं की पंख्यासाठी सगळं मेन कशाला पाडता, पंख्याचं बटण आहे ना.

"बटण मोडलंय. आषाढात अर्ज दिलाय तुमास्नी," अक्काताई म्हणाल्या.

अण्णा भोंग्याकडे पाहू लागले.

अक्काताई बसल्या नाहीत. मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुझं यंत्र डोळं उघडल्यावर घड्याळ बघत न्हाय?"

नेमिनाथ म्हणाले, त्याला बघायला घड्याळच नाही.

"मी दोन घटका डोळं मिटून बसती. किती येळ गेला मला तरी कुठं कळतंय? उठल्यावर आदी भिताडाकडं बघती. त्येला एक घड्याळ बसीव की."

नेमिनाथांनी सांगितलं की तसं बसवता येतं; रुपयाएवढ्या सेलवर चालणारं, बोटाच्या पेराएवढं, वीज नसली तरी चालू राहणारं. बोलता बोलता त्यांचा आवाज हळू होत गेला, कारण हॉलमधला प्रत्येकजण आता एकच प्रश्न विचारणार होता. तो अण्णांनी विचारला. मग आधीच का बसवलं न्हाय, सर? नेमिनाथ म्हणाले, त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ठराव अण्णांनी स्वतः सांगितला आणि सगळ्यांनी हात वर केले. दुपारी हॉलमध्ये सामायिक चालू राहील. त्या वेळेत यंत्रानेही स्वस्थ बसण्यास सभेची हरकत नाही. मात्र डोळे उघडल्यावर त्याने घड्याळ पाहावे. पंख्याचं बटण अध्यक्ष स्वतः बसवतील. भोंग्याचा विषय निघाला नाही. तो हारासकट परत गेला.

घड्याळ आलं. नेमिनाथांनी ते यंत्राला जोडलं, डब्याला हवेसाठी भोकं पाडली आणि नोंदींत एकच नवी ओळ घातली: उठल्यावर घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. दुपारी बायका हॉलमध्ये बसल्या. बटण अजून बसायचं होतं, म्हणून मेन पाडलं गेलं. कॉलेजवरून आल्यावर नेमिनाथ हॉलमध्ये गेले नाहीत. घरी स्वयंपाकघराच्या दारात मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेऊन उभे राहिले.

घंटा वाजली. अक्काताईंनी ताट पुढे ओढलं, तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही. मुलगा मात्र अजून सेकंदकाट्याकडे बघत होता.

"ठेव ते," घास गिळून त्या म्हणाल्या. "ये, जेवायला बस. येळ झालीया."